सर्व्हरच्या खोलीला किती टनांचा एसी?

एप्रिल उजाडला की एक प्रश्न हमखास येतो : ‘आमची सर्व्हरची खोली दहा बाय दहाची आहे, किती टनांचा एसी लावू?’ विचारणारे पुण्यातल्या कर्वेनगर-वारज्याच्या पट्ट्यातलेच असतात. कुणाचे निदान केंद्र असते आणि सोनोग्राफी-सीटी स्कॅनच्या प्रतिमा वर्षानुवर्षे जपून ठेवायच्या असतात. कुणी सीए असतो, कुणी आर्किटेक्ट. अलीकडे नवी मंडळी आली आहेत : कमिन्स कॉलेजातून किंवा पलीकडे कोथरूडच्या एखाद्या कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली, चार ग्राफिक्स कार्डे घेऊन फ्लॅटच्या एका बेडरूममध्ये एआयचे मॉडेल शिकवणारी.

वाचकहो, खोलीच्या मापावरून याचे उत्तर निघत नाही. दुकानदार ‘दहा बाय दहाला एक टन’ सांगतो, ते माणसांच्या खोलीसाठी. तिथे उष्णता बाहेरून येते : गच्चीतून, पश्चिमेच्या भिंतीतून, खिडकीतून. सर्व्हरच्या खोलीत उष्णता आतच तयार होते. दिवसरात्र पेटलेली शेगडी आत ठेवली आहे असे समजा. खोली केवढी, यापेक्षा शेगडी केवढी हे आधी मोजायला हवे.

आधी वॅट मोजा

सर्व्हर जेवढी वीज खातो, तेवढी सगळी शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. म्हणून एकच आकडा हाती आला की अर्धे काम झाले. तो असा मिळवा :

- तुमच्याकडे ऑनलाइन यूपीएस असेल तर त्याच्या पडद्यावर ‘लोड’ किलोवॅटमध्ये दिसतो. सकाळी, दुपारी आणि रात्री डेटाचा बॅकअप चालू असताना, असा तीनदा लिहून ठेवा. यातला मोठा आकडा धरा.
- यूपीएस नसेल तर वायरमनला क्लॅम्प मीटर घेऊन बोलवा, किंवा प्लगला लावायचे छोटे ऊर्जामापक आणा.
- सर्व्हरच्या पाठीवर छापलेले ‘७५० वॅट’ धरू नका. ती पॉवर सप्लायची कमाल क्षमता आहे. प्रत्यक्षात तो २०० ते ३५० वॅटवर चालत असतो. उलट ग्राफिक्स कार्डांचे आहे. मॉडेल शिकताना ती छापील आकड्याला टेकूनच चालतात. एनव्हिडियाचे ४०९० हे एकटे कार्ड ४५० वॅट घेते.

एक खरेखुरे उदाहरण घेऊ. यूपीएसवर लोड २.२ किलोवॅट. यूपीएस स्वतः तापतो ते ०.२. दिवा, अधूनमधून आत येणारा माणूस आणि उन्हाची भिंत मिळून ०.५. एकूण २.९ किलोवॅट उष्णता बाहेर काढायची आहे.

एक टन म्हणजे ३.५ किलोवॅट. मग एक टनाचा एसी पुरेल? कागदावर पुरतो, खोलीत पुरत नाही. घरगुती एसी आपल्या ताकदीचा पंचवीस ते तीस टक्के भाग हवेतला दमटपणा काढण्यात खर्च करतो, कारण तो माणसांसाठी बनवलेला असतो. सर्व्हरला घाम येत नाही. नुसती हवा गार करण्याची एसीची ताकद टनाला साधारण अडीच किलोवॅट धरा. दीड टनाचा एसी ३.७ किलोवॅटपर्यंत पोचतो, म्हणजे आपल्या २.९ ला पुरून थोडा उरतो. बाहेर ४० अंश असताना हा ‘थोडा’ लागतोच.

सर्व्हर अजून घेतलेच नसतील तर विक्रेत्याकडून अपेक्षित लोड लेखी घ्या. पाच वर्षांनी किती वाढेल याचा अंदाज मात्र स्वतः करा. विक्रेत्याचा अंदाज नेहमी मोठ्या यूपीएसकडे झुकलेला असतो.

खोली हवीच का?

हा प्रश्न तिसऱ्या लाखावर खर्च गेल्यावर विचारण्यापेक्षा आत्ता विचारलेला बरा. नुसती ईमेल, टॅली आणि फायलींची साठवण असेल, तर ती क्लाउडवर हलवा आणि हा लेख इथेच ठेवून द्या. मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडचा मध्य भारत विभाग २०१५ पासून पुण्यातच आहे. गूगल आणि अॅमेझॉन मुंबईत आहेत. डेटा देशाबाहेर जाईल ही भीती त्यामुळे उरत नाही.

खोली हवी ती अशांना : ज्यांच्या फायली इतक्या जड की इंटरनेटवरून ने-आण परवडत नाही (स्कॅनच्या प्रतिमा, व्हिडिओ), ज्यांचे काम नेट बंद पडले तरी थांबून चालत नाही, आणि ज्यांची ग्राफिक्स कार्डे महिनाभर अखंड चालतात. बाकीच्यांसाठी खोली ही बहुतेक वेळा हौस असते.

एसी कोणता, किती, कुठे

माझे मत स्पष्ट आहे. पाच किलोवॅटच्या आतल्या खोलीला महागडा ‘प्रिसिजन’ एसी नको. दोन साधे इन्व्हर्टर स्प्लिट एसी घ्या. प्रत्येक एकट्याने भार पेलेल एवढा, म्हणजे आपल्या उदाहरणात दीड-दीड टनाचे दोन. एका वेळी एकच चालवायचा.

- आळीपाळी : दोघांना जोडणारा टायमर बसवा, बारा-बारा तासांची पाळी लावा. पहिला बंद पडला आणि तापमान २८ च्या वर गेले की दुसरा आपोआप सुरू झाला पाहिजे. हे यंत्र एसीवाल्याकडे ‘सिक्वेन्सर’ नावाने मिळते.
- ऑटो रिस्टार्ट : दुकानात उभे राहून हे तपासा. वीज जाऊन आली की काही एसी रिमोटची वाट बघत गप्प बसतात. रात्री तीन वाजता रिमोट कोण दाबणार?
- वेगळे फेज : तीन फेजचे मीटर असेल तर दोन एसी दोन वेगळ्या फेजवर घ्या. आपल्याकडे एकच फेज जाण्याचे प्रकार किती होतात हे तुम्हाला सांगायला नको.
- पाण्याची नळी : एसीचा आतला भाग रॅकच्या डोक्यावर टांगू नका. ड्रेनची नळी तुंबली की पाणी सरळ सर्व्हरवर. पावसाळ्यात हे हमखास होते.

दिशेच्या बाबतीत एक कबुली देतो. सुरुवातीच्या काळात मी एका कार्यालयात एसीचा झोत रॅकच्या पाठीवर सोडला होता. पाठ गरम लागत होती म्हणून तिला गार केले, इतका साधा विचार. पण सर्व्हर पुढून हवा ओढतो आणि मागून फेकतो. मी गरम हवा गार हवेत मिसळून ती पुन्हा पुढे पाठवत होतो. एसी १८ वर, वीजबिल वर, आणि सर्व्हर तरीही कुरकुरत. रॅक फिरवला, रिकाम्या खणांना पत्र्याच्या आंधळ्या पट्ट्या लावल्या, त्यानंतर तोच एसी २५ वर ठेवून काम भागले. या पट्ट्यांचा खर्च हजार-दोन हजार रुपये. कुणीही विक्रेता त्या आपणहून सुचवत नाही.

तापमान मोजायचे ते भिंतीवर नव्हे, सर्व्हरच्या तोंडाशी, वरच्या खणासमोर. अमेरिकेच्या आश्रे या संस्थेची शिफारस जगभर मानली जाते : सर्व्हरच्या तोंडाशी १८ ते २७ अंश. म्हणजे तिथे २५-२६ असेल तर सर्व्हर सुखात आहे. खोलीत शिरताच हुडहुडी भरली पाहिजे, हा समज मोठ्या यंत्रशाळांच्या जुन्या दिवसांतला. ऊर्जा दक्षता ब्युरो एसीचा एक अंश वाढवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते असे सांगतो. तो हिशेब घरच्या एसीचा आहे. इथे उष्णता आतून येत असल्याने बचत त्याहून कमी होते. पण एसी कमी दमतो आणि जास्त वर्षे टिकतो.

खर्च नीट चालला आहे का हे बघायचे तर एकच भागाकार करा : खोलीची एकूण वीज भागिले फक्त संगणकांची वीज. याला पीयूई म्हणतात. आपल्या उदाहरणात संगणक २.२, यूपीएसची गळती ०.२ आणि एसी सुमारे १, म्हणजे ३.४ भागिले २.२, दीडच्या जरा वर. छोट्या खोलीला हा आकडा चांगला. तुमचा दोनच्या वर असेल तर एसी बदलण्याआधी हवेची दिशा आणि रॅकमधली भोके बघा.

आणि एक विनंती. पुण्याचा उन्हाळा कोरडा म्हणून सर्व्हरच्या खोलीत कूलर लावू नका. बंद खोलीत तो तासाभरात दमटपणा वाढवून ठेवतो. डिसेंबरच्या गार रात्री नुसती बाहेरची हवा घेण्याची कल्पना मोहक आहे, पण नदीकाठची आणि जागोजागच्या बांधकामांची धूळ हवेबरोबर येते. ती गाळायची जाळी दर पंधरा दिवसांनी धुणारा माणूस तुमच्याकडे असेल तरच त्या वाटेला जा.

तयार कपाट घ्यावे का?

मॉड्युलर डेटा सेंटर हा शब्द तुम्ही जाहिरातीत वाचला असेल. सन मायक्रोसिस्टिम्सने २००६ मध्ये जहाजाच्या कंटेनरमध्ये अख्खे डेटा सेंटर बसवून दाखवले, तेव्हा तो गाजला. आपल्या कामाचे त्याचे धाकटे भावंड आहे : एक बंद कपाट. त्यातच सर्व्हरचे खण, यूपीएस, गारवा, आग विझवणारा वायू आणि मोबाइलवर इशारा देणारे यंत्र.

भाड्याची जागा असेल, तीन वर्षांनी हलायचे असेल, इमारत पुनर्विकासाला जाणार असेल, तर कपाट खरोखर सोयीचे. धूळही आत जात नाही. पण घेण्याआधी विक्रेत्याला चार प्रश्न विचारा आणि उत्तरे लेखी घ्या :

१. आतली उष्णता कुठे टाकता? बाहेर युनिट आहे, की कपाटाच्या पाठीमागून त्याच खोलीत? खोलीतच असेल तर खोलीला पुन्हा एसी लागेल, आणि तुम्ही एकाच उष्णतेसाठी दोनदा पैसे मोजाल.

२. गारव्याचे यंत्र बिघडले तर कपाटाची दारे आपोआप उघडतात का? बंद कपाट मोकळ्या खोलीपेक्षा किती तरी लवकर तापते.

३. दुरुस्तीला पुण्यातला माणूस येणार की मुंबईहून?

४. भरलेल्या कपाटाचे वजन किती? ४२ खणांचे कपाट सुमारे दोन मीटर उंच असते आणि बॅटरीसकट पाच-सहाशे किलो सहज भरते. घराच्या स्लॅबचा हिशेब चौरस मीटरला साधारण दोनशे किलोंवर केलेला असतो. कपाट तेवढे वजन जेमतेम पाऊण चौरस मीटरवर टाकते. स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय वरच्या मजल्यावर चढवू नका. जुन्या इमारतीच्या लिफ्टमध्ये ते मावत नाही, तो भाग वेगळाच.

ग्राफिक्स कार्डांच्या मंडळींसाठी थोडे जास्त. एनव्हिडियाचा आठ कार्डांचा एच-१०० संच कमाल १०.२ किलोवॅट घेतो. एवढी उष्णता एका जागी आली की हवा कमी पडू लागते. तेवढ्याच आकारमानाचे पाणी हवेच्या तुलनेत तीन हजारांहून अधिक पट उष्णता वाहून नेते. पाषाणला आयसरमध्ये सी-डॅकने २०१९ साली उभारलेला ‘परम ब्रह्म’ याच तत्त्वावर गार होतो : पाण्याच्या नळ्या थेट प्रोसेसरच्या माथ्यापर्यंत जातात. पण तुमची चार कार्डे म्हणजे दोन-अडीच किलोवॅट. त्यासाठी पाण्याच्या नादी लागू नका, दोन एसींचेच गणित पुरे.

वीज गेली की काय चालू राहते?

सगळ्यांत जास्त नुकसान इथे होते, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

पुण्यात देखभालीसाठी वीज बंद ठेवायचा वार गुरुवार. पाण्याच्या टाक्यांची दुरुस्तीही बऱ्याचदा त्याच दिवशी, म्हणून गुरुवारी आपण अंघोळ आणि मिक्सर दोन्ही सकाळी लवकर उरकतो. अशाच एका गुरुवारी एका निदान केंद्रातून फोन आला. सर्व्हर बंद पडला होता, यूपीएसमध्ये मात्र अजून साठ टक्के चार्ज होता. मग बंद का पडला?

जाऊन पाहिले. सात बाय सहाची जुनी स्टोअररूम, आत साडेतीन किलोवॅटचा भार. यूपीएस दोन तासांचा, उत्तम प्रतीचा. पण त्यावर फक्त सर्व्हर होते. एसी सरळ महावितरणच्या विजेवर. वीज गेली, एसी थांबला, शेगडी पेटलेलीच राहिली. दार बंद, कारण ‘सर्व्हरची खोली उघडी ठेवायची नाही’ अशी पाटी. नुसत्या हवेचा हिशेब केला तर अशा खोलीत मिनिटाला वीसेक अंश चढायला हवेत. भिंती आणि लोखंड उष्णता शोषतात म्हणून तेवढे चढत नाहीत. तरी पाऊण तासात सर्व्हरच्या तोंडाशी ४४ अंश झाले होते. सर्व्हरने स्वतःला वाचवण्यासाठी मान टाकली. दोन हार्ड डिस्क पुढच्या आठवड्यात गेल्या.

त्या यूपीएसवर झालेला निम्मा खर्च वाया गेला होता. दोन तासांची बॅटरी घ्यायची आणि गारवा दहा मिनिटांचाही नाही, हे मी दर दुसऱ्या खोलीत बघतो. गारव्याचा बॅकअप जेवढा, तेवढाच सर्व्हरचा बॅकअप. हे वाक्य विक्रेत्याच्या कोटेशनवर लिहून घ्या.

उपाय तीन, स्वस्तापासून महागाकडे :

- सर्व्हर वेळेत झोपवा. यूपीएसला सर्व्हरशी जोडणारी केबल जवळजवळ प्रत्येक संचासोबत येते आणि जवळजवळ प्रत्येक ठिकाणी खोक्यातच राहते. ती जोडून, वीज गेल्यावर दहा मिनिटांनी सर्व्हर नीट बंद होईल अशी सेटिंग करून घ्या. रात्री काम नसणाऱ्या कार्यालयाला एवढे पुरते.
- यूपीएसवर एक एक्झॉस्ट पंखा. बारा इंची पंखा वरच्या बाजूला, दाराला खाली जाळी, आणि ३२ अंशांवर पंखा चालू करणारा थर्मोस्टॅट. दोन-सव्वादोन किलोवॅटची खोली बाहेरच्या हवेपेक्षा दहाएक अंशांनी गरम राहील. ऑगस्टमध्ये किंवा जानेवारीत हे चालून जाते. मे महिन्याच्या दुपारी नाही, तेव्हा तो फक्त थोडी उसंत देतो.
- एसीलाही बॅकअप. इन्व्हर्टर एसी सुरू होताना जुन्या एसीसारखा विजेचा झटका ओढत नाही, म्हणून हे आता आवाक्यात आले आहे. पण सर्व्हरच्या यूपीएसवर एसी चढवू नका. त्याला वेगळा इन्व्हर्टर द्या.

यूपीएस घेताना ‘केव्हीए’ला भुलू नका, किलोवॅट विचारा. पाच केव्हीएचा यूपीएस कधी चार किलोवॅट देतो, कधी साडेचार. प्रकार ‘ऑनलाइन’ असावा, आणि दहा केव्हीएपर्यंतच्या यूपीएसवर बीआयएस नोंदणीची खूण असणे सक्तीचे आहे, ती बघा. शिशाच्या सीलबंद बॅटऱ्या २५ अंशांसाठी बनवलेल्या असतात. त्याहून दहाएक अंश जास्त तापमानात ठेवल्या की आयुष्य निम्म्यावर येते. एसीच्या खोलीबाहेर, जिन्याखाली बॅटऱ्या ठेवणारे दर दोन वर्षांनी नव्या का आणतात, त्याचे कारण हे. जुन्या बॅटऱ्या भंगारवाल्याला देऊ नका. २०२२ च्या नियमांनुसार त्या विक्रेत्याकडे किंवा नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच गेल्या पाहिजेत.

अर्थिंगही तपासून घ्या. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधला व्होल्टेज दोन-तीनच्या आत हवा. आपल्याकडे खाली मुरूम आणि कातळ, उन्हाळ्यात जमीन कोरडी ठक्क. मार्चमध्ये चांगले असलेले अर्थिंग मेमध्ये बिघडते.

जनरेटर की लिथियम?

पुणे हे डिझेल इंजिनांचे गाव. किर्लोस्करांची इंजिने इथली, कमिन्सचा कोथरूडचा कारखाना इथला, कर्वेनगरातल्या मुलींच्या इंजिनिअरिंग कॉलेजावर १९९१ पासून नाव कमिन्सचे. तरीही वस्तीत असलेल्या छोट्या खोलीला मी आता डिझेल सुचवत नाही. कारणे :

- कॅनॉपीसहित संचालाही एक मीटरवर ७५ डेसिबलपर्यंत आवाजाची मुभा आहे. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५, रात्री दहानंतर ४५. शेजाऱ्याने तक्रार केली तर तो बरोबर असतो.
- धुराची नळी इमारतीच्या उंचीच्या वर न्यावी लागते, ५० केव्हीएपर्यंतच्या संचाला दीड मीटर वर. चार मजली इमारतीच्या पार्किंगमधून हे कसे करणार?
- हल्ली विकले जाणारे संच नव्या, ‘चार-प्लस’ नावाच्या प्रदूषण मानकांचे आहेत. धूर कमी, किंमत जास्त.
- जनरेटर पेलतो त्याच्या तीस टक्क्यांहून कमी भारावर सतत चालवला की इंजिनात न जळलेले तेल साचते. ‘पुढे लागेल’ म्हणून २५ केव्हीए घेणारे इथे फसतात.

सोसायटीचा जनरेटर लिफ्ट आणि पाण्याच्या पंपासाठी असतो. वायरमनला हाताशी धरून त्यावर सर्व्हर अडकवू नका. सर्वसाधारण सभेची मंजुरी घ्या, युनिटचा दर ठरवा, वेगळा सबमीटर लावा.

लिथियमचे गणित सोपे आहे. आपल्या उदाहरणात सर्व्हर, यूपीएस आणि एसी मिळून ३.४ किलोवॅट. दोन तासांना ६.८ युनिट. बॅटरी पूर्ण पिळायची नसते, म्हणून साडेआठ युनिटची क्षमता धरा. बाजारात ‘४८ व्होल्ट, १०० अँपिअर-तास’ नावाने मिळणारा लिथियम-आयर्न-फॉस्फेटचा एक संच साधारण पाच युनिटांचा असतो. दोन घेतले की झाले. आवाज नाही, धूर नाही. गुरुवारची वीज सकाळी जाऊन संध्याकाळी आली तर मात्र हे पुरणार नाही. त्या दिवशी सर्व्हर ठरल्या वेळी झोपवायचा की भाड्याचा जनरेटर बोलवायचा, ते आधी ठरवून ठेवा.

आठ-दहा किलोवॅटच्या पुढे आणि स्वतःची मोकळी जागा असेल तर डिझेल पुन्हा स्वस्त पडते. तेव्हा विद्युत निरीक्षकांची मंजुरी, स्वतंत्र अर्थिंग आणि योग्य चेंजओव्हर स्विच यांत काटकसर नको. चेंजओव्हर चुकीचा असला तर तुमच्या जनरेटरची वीज उलटी लाइनमध्ये शिरते, आणि खांबावर चढलेल्या लाइनमनच्या जिवावर बेतते.

मीटर कोणता, आणि तुमचे हक्क

फ्लॅटमधून काम करणाऱ्यांनी हे नीट वाचावे. ३.४ किलोवॅट चोवीस तास म्हणजे महिन्याला जवळपास अडीच हजार युनिट. घराच्या एका भागातून छोटा व्यवसाय करणाऱ्याला घरगुती दर चालू ठेवण्याची सवलत वीज नियामक आयोगाच्या दर-आदेशांत राहत आली आहे, पण ती महिन्याला ३०० आणि वर्षाला ३,६०० युनिटांपर्यंत. तुमची महिन्याची मर्यादा चौथ्याच दिवशी संपते.

घरगुती मीटरवर असा भार सापडला तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली लागू दराच्या दुप्पट आकारणी होऊ शकते. वापर कधीपासून होता हे ठरवता आले नाही तर तपासणीच्या आधीच्या बारा महिन्यांची. म्हणून :

- मीटर योग्य वर्गात बदलून घ्या आणि मंजूर भार वाढवून घ्या. परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागेल.
- तुमचा उद्योग राज्याच्या आयटी धोरणाखाली बसत असेल तर जिल्हा उद्योग केंद्राकडे नोंदणी करा. कायम नोंदणी प्रमाणपत्र असलेल्या आयटी उद्योगाला औद्योगिक दर मिळतो, नसलेल्याला व्यापारी. सर्व्हर तोच, खोली तीच, एका कागदाने बिल बदलते. हा कागद न काढणारे मला वर्षाला चार-पाच तरी भेटतात.
- भाडेकरू आहात? कायद्याच्या कलम ४३ नुसार जागेचा मालक किंवा ताबेदार, दोघेही वीजजोडणी मागू शकतात. ‘मीटर मालकाच्याच नावाने हवे’ हे उत्तर अंतिम मानू नका. भाडेकरार जोडा.
- थकबाकीसाठी वीज तोडायची तर पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस लागते, कलम ५६.
- कलम १२६ ची अंतिम आकारणी मान्य नसेल तर तीस दिवसांत अपील करता येते. निम्मी रक्कम आधी भरावी लागते.
- बिल, व्होल्टेज किंवा जोडणीची तक्रार आधी महावितरणकडे लेखी, वीज गेल्याची १९१२ वर. दाद न मिळाल्यास ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच, त्यानंतर विद्युत लोकपाल. मंचाकडे जायला दोन वर्षांची मुदत आहे, पण कागद गरम असतानाच जा. यूपीएसमध्ये नोंदलेला व्होल्टेजचा तक्ता छापून जोडा. त्यासारखा साक्षीदार नाही.

यूपीएस किंवा एसी विक्रेत्याने फसवले तर? स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी यंत्र घेतलेला एकटा व्यावसायिक २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली ‘ग्राहक’ ठरतो आणि जिल्हा आयोगाकडे जाऊ शकतो. नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीला ते दार सहसा उघडत नाही. तिची ढाल म्हणजे खरेदीचा करार. त्यात ‘सर्व्हरच्या तोंडाशी २७ अंशांच्या आत, बाहेर ४२ असतानाही’ अशी अट आणि बिघाडाला किती तासांत माणूस येईल ते लिहून घ्या.

पाणी आणि आग

कर्वेनगरच्या एका अंगाला मुठा आहे. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्याच्या विसर्गाने समोरच्या काठावर, सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत, पार्किंगमध्ये पाणी शिरले, ते आपण सगळ्यांनी पाहिले. नदीकडच्या इमारतींत यूपीएस, बॅटरी आणि मीटरची पेटी तळघरात किंवा पार्किंगमध्ये ठेवू नका, पहिल्या मजल्यावर घ्या. शेवटचा मजलाही टाळा. वरून तापणारी गच्ची आणि पावसाळ्यात गळणारी गच्ची एकच असते.

आगीसाठी लाल डब्यातली पावडर नको. आग विझते, पण ती पावडर उरलेले सर्व्हरही खाते. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर दाराबाहेर टांगा. छोट्या बंद खोलीत तो फवारला की आधी माणूस बाहेर.

हे सगळे आज करता येणार नाही. पण एक गोष्ट येत्या रविवारी सकाळी करा. बॅकअप घेऊन झाला की सर्व्हरच्या तोंडाशी पन्नास रुपयांचा तापमापक चिकटवा, एसीचा एमसीबी खाली पाडा आणि दार लावून मिनिटामिनिटाला तापमान लिहा. ३२ झाले की एमसीबी वर करा. तुमच्याकडे किती मिनिटे आहेत ते त्या कागदावर असेल. तो कागद यूपीएसच्या दारावर चिकटवून ठेवा, आणि पुढचे कोटेशन घेऊन येणाऱ्याला आधी तो दाखवा.